गाडीनं धरलेली हवा

लेकीला आणि नातीला यवतमाळच्या दवाखान्यातून घरी आणायचं, एवढंच काम होतं. सकाळी भाकरी बांधून निघालं तर दिवेलागणीच्या आत माणूस फुलसावंगीच्या पुढे, आपल्या तांड्यावर परत. हंसाबाईनं तसं ठरवूनच बादलला अंधारात उठवलं होतं. पण तिच्या या लेकाचं कोणतं काम सरळ झालंय? आधी गाडी चालू होईना. धक्का मारायला शेजारपाजारची माणसं गोळा करावी लागली. मग आर्णीत त्याला चहा हवा झाला, चहाबरोबर समोसा, समोशाबरोबर एक दोस्त भेटला. दवाखान्यात पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं, आणि उज्ज्वला पोटाचे टाके सांभाळत एकेक पायरी उतरून खाली आली तेव्हा झाडांच्या सावल्या भिंतीवर चढल्या होत्या.

"तुले पहाटे उठवलं काय अन् दुपारी उठवलं काय, सारखंच," हंसाबाई म्हणाली. "आता रस्त्यात अंधार पडन. एवढासा जीव घेऊन या थंडीत जायचं हाय मले."

"चिडतं काहून व याडी?" बादल आईला म्हणाला. "गाडीत हीटर हाय. पोट्टी गरम राहीन, भाकरीवानी."

"तुह्या गाडीचं मले नोको सांगू."

गाडी जुनी, सात सीटांची. वणीकडच्या कोळशाच्या एका ठेकेदाराकडून बादलनं घेतलेली. पायाखालचं रबर झटकलं की अजून काळी धूळ निघायची. डावीकडच्या मागच्या दाराची काच पूर्ण वर जात नव्हती. तिथं बादलनं गोणपाट कोंबलं होतं, आणि त्या गोणपाटाकडे तो असा पाहायचा जसं काही विमानाचं काम केलंय.

आणि नात? नात म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत मावेल एवढी. दिवस भरायच्या आधीच आली होती. एकटी नव्हती आली. तिच्या पाठोपाठ एक पोरगा आला होता. तो रडलाच नाही. रात्रभर यंत्रानं त्याच्यात हवा भरली, छाती वर-खाली होताना दिसायची, पण ती यंत्राची हवा होती, त्याची नव्हती. सकाळी थांबला. बादल त्याला याच गाडीतून तांड्यावर घेऊन गेला आणि नाल्याच्या काठी पळसाखाली मातीत ठेवून आला. उज्ज्वलानं एकदाच त्याच्या कपाळावर हात ठेवला होता. त्यानंतर तिनं त्याचं नाव काढलं नाही, आणि नाव तरी कुठं ठेवलं होतं त्याचं.

पोरगी मात्र काचेच्या पेटीत चिवटपणे राहिली. मुंगीच्या पावलानं वजन वाढलं. आज घरी न्या म्हणाले. निघताना सिस्टरबाईनं पुन्हा पुन्हा बजावलं होतं. "बाळ गार पडू द्यायचं नाही, आजी. तळपाय गार लागले की छातीशी धरायचं, अंगाला अंग लावून. एवढ्या लहान बाळांना कधी कधी श्वास घ्यायचाच विसर पडतो. आता ही विसरत नाही, पण लक्ष ठेवा. तसं वाटलं तर तळपायाला टिचकी मारा."

हंसाबाईला त्या सगळ्यातलं एकच वाक्य चिकटलं. गार पडू द्यायचं नाही. जावई वणीला कोळशाच्या ट्रकवर, त्याचा फोन आला की एकच गाणं, मामी, सुट्टी भेटत नाही. पहिलं बाळंतपण माहेरचं. म्हणजे या जिवाचं जे काय होईल ते तिच्या पदरात. एक गेला होता. दुसरी ती कोणालाही देणार नव्हती, देवालाही नाही.

आर्णी मागं पडली तसं ऊन गेलं. वारा सुटला. गोणपाट फडफडायला लागलं. हंसाबाईनं उज्ज्वलाला पोरीसकट पुढच्या सीटवर बसवलं, दोघींवर शाल टाकली, आणि स्वतः मागं बसून पुढं वाकून बादलच्या कानाशी तोंड नेलं.

"लाव तुहा हीटर."

बादलनं बटण फिरवलं. पंखा घरघरला. समोरच्या जाळीतून हवा आली. गार. नाल्यावरून येते तशी ओली गार.

"थोडं थांब व. तापू दे."

तापलं नाही. उलट डॅशबोर्डच्या डब्यामागून आवाज यायला लागला. गुड... गुड... गुड... जसं कोणी उपडं मडकं पाण्यात दाबतंय.

"हे काय वाजून राह्यलं, दादा?" उज्ज्वलानं विचारलं.

"काही नाही, हवा हाय. पाण्यात हवा अडकली की वाजते."

"कधीपासून?"

बादल गप्प बसला. हंसाबाईला त्याची गप्प बसण्याची तऱ्हा लहानपणापासून माहीत होती. दूध सांडलं की असाच गप्प बसायचा.

"काहून बे, तोंडात काय धरलं? कधीपासून वाजते?"

"पंधरा-वीस दिवस झाले असतीन."

पुढे चढ लागला. टेकडीच्या कडेनं जाणारा रस्ता, एका बाजूला तूर, दुसऱ्या बाजूला सागाची झुडपं. चढाच्या अर्ध्यावर बादलनं शिवी हासडली आणि गाडी कडेला घेतली. समोरचा काटा लाल रेघेला टेकला होता.

"आता काय झालं?"

"इंजिन तापलं."

हंसाबाईनं कपाळावर हात मारला. "इंजिन तापून राह्यलं अन् आतमंदी गार हवा मारून राह्यलं! चूल पेटली अन् भाकर कच्ची? असं कसं गा तुहं यंत्र?"

"अवं, तेच तं सांगून राह्यलो. इंजिनाचं गरम पाणी पाईपानं इकडे येते, या डब्यामागच्या जाळीत. पंखा त्या जाळीवरून हवा मारते, म्हणून गरम लागते. मधात हवेचा गोळा अडकला की पाणी जाळीपर्यंत येतच नाही. इंजिनबी तापते अन् हीटरबी गार."

"मंग काढ ती हवा."

"काढतो ना!"

"मंग काढ ना! तोंडानं काढतं काय?"

बादल फोन घेऊन रस्त्याच्या कडेच्या दगडावर चढला, तिथंच रेंज होती. फुलसावंगीतल्या देवीलाल मिस्त्रीचा आवाज तुटत तुटत हंसाबाईलाही ऐकू येत होता.

"नाक वर आहे का गाडीचं? चढावर आहे? मंग बेस झालं. आधी थंडं होऊ दे, नाही तं झाकण उघडशील अन् तोंड भाजून घेशील... मंग पाणी भर, झाकण उघडंच ठेव, गाडी चालू कर... हीटर फुल. बुडबुडे येतीन. येत राह्यले तवरक पाणी टाकत जाय. वरचा पाईप दाबत राह्य हातानं. बुडबुडे बंद झाले का समज हवा गेली... झाकण लाव. हॅलो? हॅलो, पाणी कोणतं टाकलं होतं बे तू त्या..."

फोन तुटला.

चाकांमागं दगड लावले. बॉनेट उघडून बादल वाट पाहत उभा राहिला. आकाश आधी केशरी झालं, मग राखेसारखं. एकही गाडी आली नाही. हंसाबाईनं शालीत हात घालून पोरीचे तळपाय चाचपले. ते गारेगार होते. तिनं ते चिमणे पाय उज्ज्वलाच्या चोळीत सारले, पण गोणपाटाच्या फटीतून वारा येऊन पाठ कापत होता, आणि उज्ज्वला स्वतःच थरथरत होती. तिच्या अंगात होतं काय दुसऱ्याला द्यायला?

"याडी, लवकर करायले सांग दादाले," ती म्हणाली.

हंसाबाई खाली उतरली. बादल मागच्या डिकीतून एक निळा कॅन काढत होता. अर्धा भरलेला, नवा कोरा, पण बुडाला लाल माती वाळलेली.

ती माती तिनं ओळखली. तांड्यावरची, नाल्याकाठची.

"हा कॅन कुठचा?"

बादलनं कॅन पायामागं सरकवला. एवढा मोठा घोडा, आणि लहान पोरासारखा पायामागं वस्तू लपवतो.

"बादल्या."

"त्या दिवशीचा," तो हळू आवाजात म्हणाला, उज्ज्वलाला ऐकू जाऊ नये म्हणून. "तिथं शिंपडायले नेलता."

मातीवर पाणी शिंपडलं की उरलेलं तिथंच ओतायचं. भांडं तिथंच पालथं टाकायचं आणि मागं न पाहता घरी यायचं. तांड्यावरच्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. मातीचं मडकं नेतात ते म्हणूनच.

"हा वापस काहून आणला?"

"नवा होता व... टाकू वाटला नाही."

"अन् पाणी?"

बादल गाडीकडे पाहत राहिला. "गाडी तापली होती तवा. रेडिएटर रिकामं झालतं. जवळ दुसरं पाणी नव्हतं. म्या तिथंच, पळसाखालीच गाडी उभी करून ओतलं. अन् मले तिथं थांबवत नव्हतं, याडी... एकटा होतो मी. घाईघाईनं झाकण लावलं अन् निंगालो. तवाच हवा धरली असन."

हंसाबाईनं त्याच्या कानाखाली वाजवली. रागानं नाही, वैतागानं. मग तिनं कॅन उचलला, कडेच्या खड्ड्यात सगळा ओतून दिला आणि कॅनही मागं न पाहता फेकला. आता त्याचा काय उपयोग होता, ते तिलाही कळत होतं.

"दवाखान्यातल्या प्यायच्या बाटल्या आण. तेच पाणी टाक. अन् हात चालव, पोरीचे पाय गार पडले."

इंजिन निवालं. बादलनं फडक्यानं झाकण फिरवलं, पाणी भरलं, गाडी चालू केली. हीटर पुरा. हंसाबाई मोबाईलचा उजेड धरून उभी राहिली. रेडिएटरच्या तोंडाशी पाणी हललं आणि पहिला बुडबुडा वर आला. मग दुसरा. मग नुसती रांग लागली.

"निंगून राह्यली," बादल खुशीत म्हणाला. बाटलीतलं पाणी ओतत गेला. पाईप दाबत गेला.

आधी वास आला तो गंजाचा आणि तापलेल्या रबराचा. मग त्याच्या खालून दुसरा वास वर आला. हंसाबाईनं नाक जवळ नेलं आणि झटकन मागं घेतलं. तो वास तिला कोणी सांगायची गरज नव्हती. आयुष्यभर तांड्यावरच्या लेकरांना तिनं पायावर घेऊन न्हाऊ घातलं होतं. ओला, गोडसर, थोडा दुधाळ. तान्ह्याच्या टाळूला येतो तो वास.

"तुले वास येते काय काही?"

"कूलंटचा असन," बादल म्हणाला. पण तो तोंडानं श्वास घेत होता.

"याडी!" आतून उज्ज्वलाची हाक आली. "गरम येऊन राह्यलं! पाह्य ना, गरम!"

बुडबुडे कमी झाले. एक... मग थांबून एक... मग पाणी काचेसारखं स्थिर झालं. बादलनं झाकण हातात घेतलं.

"याडी..." उज्ज्वलाचा आवाज बदलला होता. "याडी, ही... हिचं पोट हलत नाही."

हंसाबाई दाराकडे धावली. जाळीतून उन्हाळ्यासारखी हवा येत होती. पोरीचा चेहरा शांत होता, ओठ निळे पडत होते. हंसाबाईनं तळपायाला टिचकी मारली. पुन्हा मारली.

"घे व माय, घे श्वास! विसरतं काहून?"

समोरून बादल ओरडला, "पुन्हा आले! बुडबुडे पुन्हा आले!"

त्याच क्षणी पोरीनं आवंढा गिळल्यासारखं केलं आणि श्वास घेतला. ओठ लाल झाले. जाळीतून गार हवा सुटली.

हंसाबाई तशीच उभी राहिली. सिस्टरबाई म्हणाली होतीच, विसरतात. टिचकीनं आठवलं. झालं. यात काय नवल आहे? ती परत बॉनेटकडे गेली आणि बादलच्या खांद्यावरून त्या तोंडात पाहत राहिली. बुडबुडे येत होते, पण आता रांगेनं नाही. दोन लहान, मग एक मोठा. मग थांबा. दोन लहान, मग एक मोठा. तान्हं लेकरू झोपेत घेतं तसे.

"दाब पाईप," ती म्हणाली.

बादलनं दाबला. बुडबुडे सरले. पाणी थांबलं.

"याडी! पुन्हा... पुन्हा थांबलं हिचं! याडी, हे काय होऊन राह्यलं..."

"सोड!" हंसाबाई बादलवर ओरडली. "सोड तो पाईप!"

त्यानं सोडला. आत कुठंतरी गुड झालं. दोन लहान, एक मोठा. आतून पोरीचं बारीक रडू आलं. बादलनं आईकडे पाहिलं. मोबाईलच्या उजेडात त्याचा चेहरा पिठासारखा दिसत होता.

"याडी... मले नाही करायचं हे. चाल, तशीच चालवतो गाडी..."

"तशीच कशी चालवतं? इंजिन जळन. रात्रभर अठी बसून राहायचं काय, त्या जिवाले गारठवत?"

ती बोलत होती, पण तिच्या डोक्यात गोष्ट केव्हाच बसली होती, आणि ती बसली याचाच तिला राग येत होता. हवा राहिली तर पोरगी गारठणार. हवा गेली तर पोरगी गुदमरणार. पोटात असताना एकाच जागेत राहिली होती दोघं. तिकडे हिच्यासाठी पेटी आली, त्याच्यासाठी माती. त्यानं जाता जाता काही तरी धरून ठेवलं होतं, आणि जे धरलं होतं ते एकट्याचं नव्हतं.

पाणी पुन्हा थांबलं. या वेळी बादलनं हात लावला नव्हता. आपोआप थांबलं, आणि रेडिएटरच्या तोंडाशी एकच बुडबुडा वर आला. फुगत गेला. तोंडभर झाला. फुटेना. त्याच्या पातळ पापुद्र्याखाली काही तरी मिटलेलं होतं, पापणीसारखं.

"हे उघडंच राहिलं तं जाईन निंगून..." बादल पुटपुटला.

आत उज्ज्वला ओरडत नव्हती. तिचा आवाजच येत नव्हता. त्याचा अर्थ हंसाबाईला कळला.

इंजिन चालू होतं. पाणी उकळायच्या बेतात असायला हवं होतं. हंसाबाईनं काही विचार केला नाही, तळहात पुढं केला आणि त्या तोंडावर दाबून ठेवला. भाजलं नाही. बर्फासारखं गार होतं. आणि आतून तिच्या तळहाताला ओढ लागली. लहानशी, आंधळी, जोरकस. जी ओढ लेकरं जन्मतःच शिकून येतात, ती.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यामुळे ती आणखी चिडली.

"ऐक रे," ती त्या तोंडाशी वाकून म्हणाली. दात ओठ खात, पण हळू. "तुह्यी बहीण हाय ते. तिचं तिले दे. तुले मागं टाकून आलो आम्ही, म्या तुले पाह्यलंबी नीट नाही, माह्यी चूक. पण तिले कायले छळतं? तुले घरी यायचं हाय ना? मंग ये. चाल घरी. तुह्यी माय हाय, जाय तिच्याजवळ. जागा काही कमी नाही आपल्या घरात. पण तिचा श्वास सोड. आत्ता सोड. नाही तं याद राख, मी तुह्यी नानी हाय."

ओढ थांबली. तळहाताखाली काही तरी सरकलं, थंड आणि हलकं, मनगटाच्या बाजूनं वर, चोळीच्या बाहीतून, गळ्यापाशी. मग काही नाही.

आतून पोरीनं असा टाहो फोडला की सागावरची पाखरं उडाली.

"झाकण लाव," हंसाबाई म्हणाली. बादल दगडासारखा उभा होता. "लाव म्हणते ना, बावळटा!"

त्यानं झाकण लावलं. काटा उतरून मधोमध आला. जाळीतून ऊब यायला लागली, पुरी, सारखी, न थांबता. गुडगुड नव्हती. हंसाबाई मागच्या सीटवर जाऊन बसली.

"कोणाशी बोलून राह्यली होती व?" उज्ज्वलानं मागं न वळता विचारलं.

"गाडीशी. तुह्या भावाची गाडी हाय, शिव्या खाल्ल्याबिगर चालते काय?"

उज्ज्वला हसली नाही. थोड्या वेळानं तिचा डोळा लागला. पोरगी तिच्या उजव्या हातावर होती. डावा हातही तिनं तसाच वाकवून ठेवला होता, छातीशी, काही नसताना. शाल त्या बाजूनंही नीट खोचलेली होती. हंसाबाईनं ते पाहिलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

बाबूसिंग, तिचा नवरा, दारात कंदील घेऊन उभा होता. एवढा उशीर काहून, म्हणाला. लेकाला विचारा, म्हणाली, आणि आत निघून गेली.

पुढं सगळं चांगलंच झालं म्हणायचं. पोरीनं अंग धरलं. गालावर मांस आलं, तळपाय ऊबदार राहायला लागले, श्वास एकदाही चुकला नाही. बादल गाडी देवीलालकडे घेऊन गेला. देवीलालनं झाकण उघडून पाहिलं, पाईप दाबून पाहिले, गाडी तापवून पाहिली. काठोकाठ पाणी, एक बुडबुडा नाही. "कोणी काढली बे हवा? मलेबी एवढी साफ काढता येत नाही," म्हणाला. बादलनं घरी येऊन ते सांगितलं तेव्हा हंसाबाई तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही. हवा गाडीतून गेली, हे तिला सांगायला देवीलाल मिस्त्री लागत नव्हता.

उज्ज्वला मात्र वाळत चालली. भाकरीवर भाकरी खायची, डिंकाचे लाडू खायची, तरी डोळे आत.

"याडी, लय भूक लागते व मले. पोरगी एकाच बाजूनं पिते. अन् रिकामं तं दोन्हीकडलं होते."

"मंग एक भाकर जास्त खाय. त्यात रडायचं काय हाय?"

एवढं बोलून हंसाबाई पीठ मळायला बसली आणि त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्तच मळलं.

एका दुपारी ती तुरीच्या वावरातून पाणी प्यायला घरी आली. तांडा रिकामा होता, सगळे शेतात. कुत्रीसुद्धा उन्हात मेल्यासारखी पडलेली. तिनं दार लोटलं. आत अंधारात उज्ज्वला भिंतीकडे तोंड करून झोपली होती. पोरगी तिच्या पाठीमागं, दाराच्या बाजूला, मुठी आवळून गाढ झोपलेली. तोंड मिटलेलं.

भिंतीच्या बाजूनं आवाज येत होता. चुटुक... चुटुक... मध्ये थांबा, गिळल्याचा. पुन्हा चुटुक.

हंसाबाई दारात उभी राहिली. तहान विसरली. ओरडावंसं वाटलं, कोणावर ते कळेना. बोलावून तिनंच आणलं होतं.

"हळू पी रे मेल्या," ती शेवटी पुटपुटली. "तिले काही ठेव."

आवाज थांबला.

वाकळ सरकून पायाशी गेली होती. तिनं ती उचलली, आधी पोरीवर घातली, मग उज्ज्वलावर, आणि हात लांब करून भिंतीकडच्या रिकाम्या जागेवरही ओढली. हात मागं घेतला. वाकळ तिथं सपाट बसली नाही. हंसाबाई बराच वेळ पाहत राहिली. पोरीचं पोट वर आलं की तिकडची वाकळ खाली जात होती, आणि तिकडची वाकळ वर आली की पोरीचं पोट थांबून वाट पाहत होतं.